रविवार मिळवून देणारे रावबहादूर : नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी कोणातरी थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असा आग्रह चिटणीसबाईंनी केला तेव्हा मला पहिल्याने संकोचच वाटला. आजवरच्या स्मरणिकांतून झाशीची राणी, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे अशा थोर स्त्रियांची चरित्रे येऊन गेली आहेत, आणि ती माझ्याहून अधिक जाणत्या भगिनींनी लिहिली आहेत. म्हणून मी एका पुरुषाचे चरित्र लिहावयाचे ठरविले. आपल्या मंडळाची सभा वर्षानुवर्षे रविवारी दुपारी भरते. हा रविवार गिरणगावाला मिळवून देण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते नारायण मेघाजी लोखंडे हे ते पुरुष होत.

माझ्या सासूबाई लालबागच्या एका कापडगिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होत्या. सुताच्या कांड्या भरता भरता त्यांच्या बोटांना घट्टे पडले होते. ते म्हातारपणीही गेले नाहीत. भोंगा होण्याआधी उठून, चूल पेटवून, डबे भरून त्या निघत. रविवारी भोंगा नसे. मी नवी सून म्हणून त्या घरात आले तेव्हा रविवारची ती शांतता मला मोठी नवलाची वाटे. ही शांतता कोणी तरी मागून घेतलेली आहे, ती आपोआप आलेली नाही, हे मला फार उशिरा, वाचनालयातून पुस्तके आणून वाचू लागले तेव्हा कळले.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यास एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे इंग्रजी शाळेतील शिक्षण संपताच त्यांना नोकरी पत्करावी लागली. काही काळ त्यांनी रेल्वेत व पोस्टात काम केले आणि त्यानंतर मुंबईत मांडवी भागातील एका गिरणीत ते कोठीवाले, म्हणजे स्टोअरकीपर, म्हणून लागले. कोठीवाल्याचे काम सामानाच्या हिशेबाचे. परंतु गिरणीत बसणाऱ्या माणसाला केवळ सामानच दिसते असे नाही, माणसेही दिसतात. लोखंडे यांनी ती पाहिली.

त्या काळची गिरणी कशी होती, हे थोडे सांगितले पाहिजे. मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली आणि दोन वर्षांनी ती ताडदेवला चालू झाली. पुढील पंचवीस-तीस वर्षांत चिमण्यांची रांगच्या रांग उभी राहिली. कोकणातून, घाटावरून, दुष्काळाने व कर्जाने गांजलेली माणसे पोटासाठी मुंबईस येऊ लागली. गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही तेरा-चौदा तासांचे. जेवणासाठी ठरलेली सुट्टी नसे. चालत्या यंत्रापाशीच कशीबशी भाकरी खावयाची. पगार महिन्याचा, पण तो महिना संपल्यावर कधी हाती पडेल याचा नेम नसे, आणि तोवर वाण्याची उधारी वाढत जाई. थोडे सूत तुटले, थोडा उशीर झाला, की दंड. यंत्रात हात सापडून माणूस लुळा झाला तर त्याने मुकाट्याने गावी जावे. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती, आणि ज्या दिवशी गिरणी बंद असे त्या दिवशीही यंत्रे पुसण्यासाठी कामगारांना अर्धा दिवस बोलावीत. या सर्वांत बायका होत्या आणि लहान मुलेही होती. बायका बहुतकरून रिळाच्या व कांड्यांच्या खात्यात असत, आणि त्यांच्यावर नाईकीण असे. तान्ही मुले घरी कोणाच्या तरी हवाली करून, नाहीतर अफूची बाळगोळी देऊन निजवून, त्या माऊल्या कामावर येत.

१८८१ साली सरकारने पहिला फॅक्टरी कायदा केला. त्यात सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, आणि त्यांना महिन्यात चार सुट्ट्या द्याव्या, असे ठरले. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांनाच तो लागू होता. मोठ्या माणसांविषयी, आणि आपल्याला विशेष सांगावयाचे म्हणजे स्त्रियांविषयी, त्यात कामाच्या तासांचा एक शब्दही नव्हता. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखे काही दयाळू पारशी गृहस्थ या बाबतीत आधीपासून खटपट करीत होते. पण कामगारांच्या वतीने, कामगारांच्या भाषेत, कामगारांमध्ये उभा राहून बोलणारा मनुष्य अजून पुढे आला नव्हता.

लोखंडे यांच्या मनाची घडण सत्यशोधक समाजात झाली होती. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास हा समाज स्थापन केला, आणि लोखंडे त्याच्या मुंबईतील प्रमुख कार्यकर्त्यांपैकी एक झाले. शेतात राबणारा शेतकरी आणि गिरणीत राबणारा कामगार हे एकाच घरातले दोन भाऊ आहेत, ही दृष्टी त्यांना जोतीरावांकडून मिळाली. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यास दीनबंधु नावाचे पत्र सुरू केले होते. पैशाअभावी ते चालविणे कठीण झाले तेव्हा १८८० साली लोखंडे यांनी ते मुंबईस आणले व नोकरी सोडून त्याचे संपादकपण पत्करले. भगिनींनो, या एका वाक्यापाशी मी वाचताना पुष्कळ वेळ थांबले. गरिबीतून वर आलेला, संसारी मनुष्य, हातची बरी नोकरी सोडतो आणि तोट्यातले वर्तमानपत्र अंगावर घेतो. त्या वेळी त्यांचे वय बत्तीस वर्षांचे होते. त्यांच्या घरातील स्त्रीला त्या रात्री काय वाटले असेल, हे कोणत्याही चरित्रात वाचावयास मिळत नाही, पण आपल्यापैकी प्रत्येकीला ते कळू शकेल.

दीनबंधूतून लोखंडे गिरण्यांतील हकीकती छापू लागले. कोठे अपघात झाला, कोठे पगार थकला, कोठे दंडाचा जुलूम झाला, हे त्या पत्रातून लोकांसमोर येऊ लागले. पण ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांतील बहुतेकांना वाचता येत नव्हते. म्हणून लेखणीबरोबर सभाही हव्या होत्या. १८८४ साली सरकारने मुंबईच्या कारखान्यांची चौकशी करण्यासाठी एक कमिशन नेमले. ही संधी साधून लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळला सुपारीबागेत कामगारांच्या सभा भरविल्या आणि बाँबे मिल हँड्स असोसिएशन ही संस्था सुरू केली. हिंदुस्थानातील कामगारांची पहिली संघटना म्हणून तिचा मान आहे.

त्या सभेत ठरलेल्या मागण्या पाहिल्या तर आज आपल्याला हसू येईल, इतक्या त्या साध्या आहेत. सर्व कामगारांना आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे व सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि जो कायमचा अधू झाला त्याच्या पोटापाण्याची काही सोय व्हावी. या अर्जावर साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्या झाल्या. ज्यांना अक्षर ठाऊक नाही त्यांच्यापर्यंत हा कागद नेऊन, समजावून, पटवून एवढ्या सह्या गोळा करणे म्हणजे किती पायपीट! आपल्या मंडळाच्या साध्या वर्गणीसाठी दोन इमारती चढताना आपण किती दमतो, ते आठवा.

अर्ज गेला, कमिशनचे काम झाले, आणि पुढे बरीच वर्षे काहीही झाले नाही. मालकांचे म्हणणे असे की, सुट्टी दिली तर गिरण्या बुडतील, आणि कामगारांना सुट्टी नकोच आहे. विलायतेतील गिरणीवाल्यांनाही मुंबईच्या गिरण्यांवर कायद्याचा अंकुश हवा होता, पण तो येथील कामगारांच्या कळवळ्यामुळे नव्हे. मुंबईचे स्वस्त सूत त्यांच्या धंद्याला जड जात होते म्हणून. त्यामुळे हा सारा विलायतेचा डाव आहे, असे म्हणून कामगारांची बाजू उडवून लावणे येथील पुष्कळांना सोपे गेले. लोखंडे यांना या दोन्ही बाजूंच्या मधून वाट काढावी लागली. विलायतेचा हेतू काहीही असो, परळच्या कामगाराची पाठ दुखते हे खरे आहे, एवढे एकच सत्य धरून ते चालत राहिले.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. त्यांची ही असोसिएशन आजच्या अर्थाने युनियन नव्हती. तिला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधी नव्हता. अर्ज लिहिणे, सभा भरविणे, अडलेल्याला सल्ला देणे हे सारे लोखंडे स्वतःच करीत. म्हणून काही विद्वान त्यांना पहिले कामगार पुढारी म्हणावयास कचरतात. परंतु वही नाही म्हणून काम नाही, असे थोडेच आहे? आपले मंडळही पहिली काही वर्षे एका भगिनीच्या स्वयंपाकघरातच भरत होते.

आता १८९० सालाकडे येऊ. हे वर्ष लोखंडे यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे वर्ष होय. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईस महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर त्यांनी कामगारांची प्रचंड सभा भरविली. दहा हजार कामगार जमले. आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. त्यांचा उल्लेख इतिहासात बहुधा दोन स्त्रिया एवढाच येतो. एकशे तीस वर्षांहून अधिक काळापूर्वी, दहा हजार माणसांच्या मैदानात, ध्वनिवर्धक नसताना, डोक्यावरचा पदर सावरीत त्या दोघी उभ्या राहिल्या असतील. आपल्या हळदीकुंकवाच्या समारंभात दोन शब्द बोला म्हटले की आम्ही एकमेकींच्या मागे दडतो. मला त्या दोघींची फार आठवण होते, जरी मी त्यांना पाहिलेले नाही. माझ्या सासूबाईंसारखीच त्यांच्याही बोटांना घट्टे असतील.

या सभेच्या मागणीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला, आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. सहा वर्षांपूर्वी सुपारीबागेत मागितलेले पहिले मागणे पदरात पडले. रविवारच का, याविषयी असे सांगतात की, रविवार हा खंडोबाचा वार, बहुजनांच्या कुलदैवताचा वार, म्हणून कामगारांनाही तो मनापासून हवा होता. हल्ली मोबाईलवर असा संदेश फिरतो की, साऱ्या देशाला रविवारची सुट्टी लोखंडे यांनीच दिली. तसे म्हणणे बरोबर नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवारची सुट्टी त्याआधीच असे. साहेबाला आणि त्याच्या कारकुनाला जो रविवार मिळत होता, तो यंत्रापाशी उभ्या असलेल्या अडाणी माणसाला मिळवून दिला, हे लोखंडे यांचे खरे कार्य आहे. माझ्या मते ते साऱ्या देशाला सुट्टी देण्यापेक्षा लहान नाही.

त्याच वर्षी सरकारने फॅक्टरी कामगारांविषयी पुन्हा कमिशन नेमले, आणि या वेळी लोखंडे यांना कामगारांच्या बाजूने त्या कामात सामील करून घेतले. त्यातून १८९१ चा फॅक्टरी कायदा झाला. आठवड्यातून एक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आता कायद्याने आली. मुलांचे किमान वय सातावरून नऊ झाले व चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना सात तासांची मर्यादा घातली गेली. आणि स्त्रियांच्या कामाला प्रथमच मर्यादा आली : दिवसाला अकरा तास, आणि त्यांत दीड तासाची विश्रांती. अकरा तास! आज आपण ऐकून कपाळाला हात लावू. पण ज्यांचे चौदा तास जात होते त्यांना ते तीन तास केवढे वाटले असतील! पुरुषांच्या तासांना मात्र या कायद्याने हात लावला नाही. गिरणीतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा १९११ साली मिळाली, आणि ती पाहावयास लोखंडे हयात नव्हते.

लोखंडे यांचे कार्य गिरणीच्या दारापाशी संपत नव्हते. विधवा स्त्रियांचे केशवपन करण्याची दुष्ट चाल त्या काळी उच्चवर्णीयांत रूढ होती. १८९० सालीच लोखंडे यांनी मुंबईत नाभिक बांधवांची सभा बोलावली, आणि जमलेल्या शेकडो नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालविणार नाही असा निश्चय केला. स्त्रीवर होणारा अन्याय थांबवावयाचा तर ज्याच्या हातून तो घडतो त्या श्रमिकालाच विचारावे, की बाबा, तू हे काम का करतोस? किती साधी युक्ती, आणि आजवर कोणाला सुचली नव्हती!

त्याच वर्षाच्या अखेरीस, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, जोतीराव फुले निवर्तले. गुरूचे छत्र गेले तरी लोखंडे यांनी काम सोडले नाही. १८९३ साली मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हा गिरणगावातील माणसांना शांत करण्यासाठी ते धडपडले आणि राणीच्या बागेत दोन्ही समाजांच्या एकीसाठी प्रचंड सभा भरविण्यात त्यांनी पुढाकार घेतला. सरकारने पुढे त्यांना रावबहादूर ही पदवी दिली व जे. पी. नेमले. पदवी आली म्हणून त्यांचा गिरणगावाशी असलेला संबंध तुटला नाही.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेगची साथ आली. पहिले रोगी सापडले ते मांडवीत, जेथे लोखंडे यांनी कोठीवाल्याची नोकरी केली होती त्याच भागात. माणसे शहर सोडून गावोगावी पळू लागली, गिरण्या ओस पडू लागल्या. लोखंडे मात्र मागे राहिले आणि आजाऱ्यांच्या मदतीला लागले. त्या साथीनेच त्यांना गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाची पन्नाशीही पुरी झाली नसताना, त्यांचे मुंबईत निधन झाले. त्यानंतर एका महिन्याने, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यास प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनीही देह ठेवला. एकाच गुरूची ही दोन माणसे एकाच रोगाने, एकाच सेवेत, महिन्याच्या अंतराने गेली.

लोखंडे गेल्यावर त्यांचे नाव पुष्कळ वर्षे विस्मृतीत राहिले. त्यांनी लावलेले रोप मात्र वाढले. १९२० साली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, १९२६ साली ट्रेड युनियनचा कायदा आला, आणि १९२९ साली मुंबई इलाख्यात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा झाला, जो देशातील अशा कायद्यांपैकी पहिला. त्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत एक स्त्री असे. पुढे ते प्रमाण घटत गेले. १८ जानेवारी १९८२ ला मोठा संप सुरू झाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, आणि ज्या भोंग्याने आमचे घड्याळ लागत असे तो कायमचा थांबला. परळला राज्य सरकारच्या श्रम विज्ञान संस्थेस आता लोखंडे यांचे नाव आहे, आणि २००५ साली त्यांच्या नावाचे पोस्टाचे तिकीटही निघाले. जो मनुष्य एके काळी पोस्टात नोकरीस होता, त्याचे चित्र पोस्टाने छापले, याचे मला फार समाधान वाटते.

येथे चरित्र संपले. परंतु एक कबुली दिल्यावाचून माझ्याने लेखणी खाली ठेववत नाही.

आमच्या घरी धुण्याभांड्याला एक बाई वीस वर्षे येत होत्या. त्या रविवारीही येत. उलट रविवारी घरी माणसे अधिक, म्हणून भांडीही अधिक. मुलाचे दुखणे, गावची जत्रा, अशा कारणाने त्या आल्या नाहीत तर मी त्यांचा खाडा मांडीत असे व महिन्याअखेरीस पैसे कापीत असे. खाडा हा शब्द मी सासूबाईंकडून शिकले. त्यांचाही गिरणीत खाडा पडे, आणि त्या दिवशी त्या डोळ्यांना पदर लावीत. तोच शब्द मी दुसऱ्या बाईसाठी वापरीत होते आणि माझ्या ध्यानातही येत नव्हते. लोखंडे यांच्याविषयी वाचताना सुपारीबागेतील त्या मागण्यांची यादी समोर आली, आणि मला एकदम जाणवले की, या यादीतील पहिलीच मागणी माझ्या स्वयंपाकघरातून अजून मान्य झालेली नाही. एकशे चाळीस वर्षे लोटली, आणि गिरणीमालकांच्या संघाने मान्य केले ते मी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना सांगितले की, आजपासून रविवारी यावयाचे नाही, आणि पैसे पुरे मिळतील. त्यांनी आधी माझ्याकडे संशयाने पाहिले. काम सुटले की काय, असे त्यांना वाटले. पुन्हा समजावून सांगितल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त भांडी घासताना मधूनच हसत होत्या. रविवारी आमच्या घरी भांडी आता आळीपाळीने घासली जातात. आमच्या यजमानांच्या हातून दोन कप फुटले, एवढेच नुकसान झाले.

महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला आहे. पण नोंदणीचा कागद वेगळा आणि आपल्या दारातला व्यवहार वेगळा. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने मी आपल्या मंडळापुढे नम्रपणे एक सूचना ठेवते. येत्या वार्षिक सभेत आपण सर्व सभासद भगिनींनी ठरवावे की, आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी द्यावयाची. काहींना ही सूचना आवडणार नाही, हे मी जाणून आहे. मालकांनाही ती १८८४ साली आवडली नव्हती. आणि ज्या रविवारी आपली सभा असेल त्या रविवारी त्या बायांनाही सभेला बोलवावे. त्यांच्यापैकी कोणी दोघी उठून बोलल्या, तर आपण त्यांची नावे वृत्तान्तात न चुकता लिहून ठेवू.